कॅरिअरवर जागा नाही

धाकटं पोतं हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला नावं ठेवाल, आणि नावं ठेवायला त्या गल्लीत आधीच पुष्कळ लोक मोकळे होते. पोतं म्हटल्यावर एखादा गरगरीत माणूस डोळ्यांसमोर आणला असेल तर तो पुसून टाका. हा अंगानं काडी होता. सायकलच्या दुकानात हवेचा पंप भिंतीला टेकवून ठेवावा तसा गल्ल्यामागे टेकून उभा असायचा. पोतं होते ते त्याचे वडील. सगळी गल्ली त्यांना पोतंकाका म्हणायची. बापाचं नाव लेकाला चिकटलं ते काही केल्या सुटलं नाही.

पोतंकाकांच्या दुकानाची एक रीत होती. नवी सायकल दुकानातून बाहेर पडायची ती काकांना मागे बसवूनच. गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, आपण तोंडात लवंग टाकायची, ‘हूं’ करून कॅरिअरवर बूड टेकवायचं आणि म्हणायचं, “चला, कोपऱ्यापर्यंत नेऊन आणा मला. माझं वजन पेललं तर तुमच्या पोराबाळांचं पेलेल.” कोपऱ्यावरून फेरी मारून दुकानाशी परत आलं की काका उतरत, सीटवर थाप मारत आणि “जा, सुखानं चालव” म्हणत. मग ती सायकल गिऱ्हाइकाची. कधी कधी मात्र अर्ध्या वाटेत “थांब” म्हणत, उतरत, सायकल ढकलत आत नेत आणि दुसरी काढून देत. काय बिघडलं होतं, ते सांगत नसत. “माझ्या बुडाला पटली नाही,” एवढंच म्हणत.

लेकाला या प्रकाराची लहानपणापासून लाज वाटे. आपला बाप पाय अधांतरी सोडून लोकांच्या सायकलींवर मिरवतोय आणि वर्गातली पोरं कडेला उभी राहून खिदळताहेत, हे त्यानं किती वेळा पाहिलं होतं! गेल्या थंडीत काका दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. लेक रडला, अगदी मनापासून रडला. पण दुकान उघडल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती रीत बंद केली. दुसरी गोष्ट म्हणजे सोनेरी अक्षरांची एक पाटी रंगवून आणली आणि गल्ल्यामागे ठोकली: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ दुकान आता दुकानासारखं दिसतंय, असं त्याला वाटलं.

ती पाटी मात्र सुखानं राहीना. सकाळी दुकान उघडावं तर पाटी भिंतीकडे तोंड करून. त्यानं वाऱ्यावर खापर फोडलं, मग पंख्यावर फोडलं. शेवटी खिळा बदलला. पाटीचं तोंड रोज सकाळी भिंतीकडेच. तो ती सुलटी करी आणि कामाला लागे. दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या त्याच्या आईला तो काही बोलला नाही. काय बोलणार?

अशात एका नव्या व्यापाऱ्याकडून तीन काळ्या सायकली खोक्यांतून आल्या. जोडणी करताना एकीच्या सांगाड्यावर, सीटखालच्या नळीच्या जोडाशी, केसाएवढी रेघ त्याला दिसली. खोक्यात घासून रंग गेला असेल, असं त्याला खरंच वाटलं. काका असते तर बोट फिरवलं असतं, मग नख लावून पाहिलं असतं, मग बसून पाहिलं असतं. यानं काळ्या रंगाची बाटली काढली, कुंचल्यानं रेघ बुजवली आणि हात पुसले. रंगारी म्हणून पठ्ठ्याचा हात साफ होता.

ती सायकल घेतली इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या बाईनं. घरात ती आणि तिची पहिलीतली मुलगी, दोघीच. मुलगी गोल गोबरी, म्हणून तिला सगळे ठमी म्हणत. ठमीला शाळेत सोडून कामावर वेळेत पोचायचं तर सायकलीवाचून गत्यंतर नव्हतं. उशीर झाला की मुकादम कामावरून काढायची धमकी देई. घरापासूनचा रस्ता तसा सपाट, पण शाळेच्या अलीकडे एक लांब उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी हमरस्ता. तिथून मालाचे ट्रक कोणासाठी न थांबता जात. त्या उतारावरून मुलीला मागे बसवून न्यायचं म्हणून बाईनं मुद्दाम नवी कोरी, भक्कम सायकल घेतली होती.

दोनेक दिवसांत बाई सायकल ढकलत दुकानात आली.

“जड चालते हो ही.”

“जड म्हणजे?”

“जड म्हणजे जड. मागे कोणीतरी बसल्यासारखी. उताराच्या तोंडापर्यंत कशीबशी जाते आणि तिथे अडूनच बसते. एकदा तरी खाली उतरली असेल तर शपथ. पुढे पोरीला शाळेपर्यंत चालवत नेते आणि मग पळत कामावर.”

त्यानं सायकल स्टँडवर चढवली आणि पॅडल फिरवलं. चाक भिरभिरलं ते थांबायचं नाव घेईना. “बघा. लोण्यासारखं फिरतंय. ताई, तुमच्या पायांना सवय नाही, एवढंच. चालवा थोडे दिवस.”

“मी दिवसभर ओल्या चादरी उपसते. जड कशाला म्हणतात ते मला सांगू नका,” बाई म्हणाली. तिचं बोलणं फटकळ नव्हतं, पण त्यात ओलावाही नव्हता. ती सायकल ढकलत परत गेली.

दुपारी जेवताना आईनं सहज विचारलं, “मघाशी खाली ते बसले का रे?”

“कोण?”

“तुझे वडील. बसताना ‘हूं’ करतात ना. मला इथे वर ऐकू आलं.”

त्याचा हातातला घास हातातच राहिला. आईचं वय झालं, असं मनाशी म्हणून तो पाणी प्यायला आणि उठला.

चार दिवसांनी बाई पुन्हा आली, या वेळी ठमीला घेऊन. तिनं सायकल दुकानाच्या पायरीशी उभी केली. “आता ही मागे बसतच नाही. उचलून बसवलं तरी घसरून खाली येते. विचारा तिलाच.”

दुकानदारानं मुलांशी बोलायचा आवाज काढला. “काय गं ठमे, भीती वाटते होय सायकलची?”

“नाही,” ठमी म्हणाली. “जागाच नाही. आजोबा सरकत नाहीत.”

“कुठले आजोबा?”

ठमीनं कॅरिअरकडे पाहिलं. वाटेत बसलेल्या मोठ्या माणसाकडे मुलं पाहतात तसं, जरा कंटाळून. “हे काय. केवढे मोठे आहेत. आणि त्यांना लवंगेचा वास येतो.”

बाई म्हणाली, “हे सारखं चाललंय घरी,” आणि ओशाळं हसली. दुकानदाराला हसू आलं नाही. त्याची नजर मागच्या चाकावर गेली होती. सायकल रिकामी होती, नुसती पायरीला टेकलेली. आणि मागचं टायर जमिनीशी चपटं झालं होतं. दांडगा माणूस बसल्यावर होतं ना, अगदी तसं. हवा कमी असेल म्हणून त्यानं पंप लावला आणि दम लागेस्तोवर मारला. टायर दगडासारखं टणक झालं. खाली मात्र होतं तसंच दबलेलं. त्यानं न राहवून कॅरिअरवर हात ठेवला. सायकल सावलीत होती आणि कॅरिअर गरम होतं, कोणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं. पण कोणी उठलं नव्हतं. तो झटकन हात काढून मागे झाला.

घाबरलेला माणूस बहुधा उर्मट होतो. हाही झाला.

“सायकलीत काही दोष नाही. मी तपासली. आणि माल परत घेत नाही आम्ही. पाटी लावलीये ती वाचा.” त्यानं मागे न बघता हात केला.

“काय वाचू?” बाईनं विचारलं. “कोरी फळी आहे.”

तो वळला. पाटी भिंतीकडे तोंड करून होती. सकाळी त्यानं ती स्वतःच्या हातानं सुलटी केली होती आणि त्यानंतर गल्ल्यामागे त्याच्याशिवाय कोणी गेलं नव्हतं. बाई काय बोलली आणि कधी गेली, हे त्याला नंतर आठवेना. लवंगेचा वास मात्र त्या दिवशी दुकानभर दरवळत राहिला.

त्या रात्री त्याला झोप लागली नसेल, हे सांगायला नकोच. मनात एकच विचार फिरत होता: पाटी आपण उलटी केली नाही, टायर आपण दाबलं नाही, पण ती रेघ आपणच बुजवली.

आता कोणी म्हणेल, मग गेला असता सकाळी बाईच्या दारात आणि घेतली असती सायकल परत. तेवढं धैर्य असतं तर गोष्ट इथेच संपली असती. रेघ होती असं कबूल करायचं म्हणजे आपण ती रंगवली हेही कबूल करायचं, आणि मग गल्ली काय म्हणेल? बाप बसून बघायचा, लेक रंगवून टाकतो. त्यानं मनाला समजावलं की ती रंगाचीच रेघ होती. मन समजलं नाही, तरी तो समजावत राहिला.

पुढच्या खेपेला बाई आली ती तयारीनंच. ऊन अगदी डोक्यावर होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ठमी तिचं बोट धरून होती.

“मी ग्राहक केंद्रात जाऊन आले,” ती म्हणाली. “नवी वस्तू सदोष निघाली तर दुकानदारानं ती दुरुस्त करायची, नाहीतर बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. तुम्ही दोनदा बघितलीत, सुधारली नाही. आता मला बदलून पाहिजे. आणि तुमची ती पाटी तुम्ही सोन्यानं मढवलीत तरी कायद्यापुढे तिला काही किंमत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.”

“पण दोष आहे कुठे? दाखवा ना!”

“मी कशाला दाखवू? घेतल्यावर इतक्या लवकर तक्रार आली, तर दोष नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं. तेही विचारून आले.” तिनं सायकल पायरीपासून रस्त्याकडे वळवली. मग म्हणाली, “आणि कसं सिद्ध करतात ते मला माहीत आहे. माझ्या बाबांनी याच दुकानातून सायकल घेतली होती. मी याच पायरीवर उभी होते. तुमचे वडील मागे बसले होते. तुम्ही बसा. मी चालवते.”

“हे... असलं आता आम्ही करत नाही.”

“का?”

लाज वाटते, हे सांगायची लाज वाटत होती. आणि भीती कशाची वाटते, ते तर मुळीच सांगता येण्यासारखं नव्हतं. मागचं टायर आजही तसंच दबलेलं होतं. माडीच्या खिडकीतून आईचा आवाज आला, “बस रे. त्यांचं बूड कधी खोटं बोललं नाही. तुझं काय बोलतंय, ते तरी कळू दे.”

बाई सीटवर बसली आणि तिनं पाय जमिनीला रोवले. तो मागे गेला. कॅरिअर रिकामं दिसत होतं आणि तरी बसायला जावं तर जागा होत नव्हती. गर्दीच्या बाकावर अंग चोरून टेकावं तसा तो कडेला टेकला. डाव्या बाजूला ऊब होती. कानाशी कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मग खांद्यावर एक जड हात पडला. लहानपणी रस्ता ओलांडताना खांद्यावर असायचा, तोच हात. आणि त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की आपल्याला बापाची फार आठवण येते.

हात उचलला गेला. कॅरिअर करकरलं. शेजारची जागा मोकळी झाली.

“अगंबाई!” बाई म्हणाली. “हलकी झाली!”

तिनं पॅडल मारलं आणि सायकल भुर्रकन निघाली. मागे काडीएवढा दुकानदार, पाय अधांतरी, डोळे गच्च मिटलेले. गल्लीत हसायला कोणी नव्हतं. कोपऱ्याच्या अलीकडे गटाराचं झाकण होतं, रस्त्यापेक्षा बोटभर वर आलेलं. पुढचं चाक त्यावरून गेलं, मागचं गेलं, आणि ‘कडाक्’ असा आवाज झाला. सायकल मधोमध खचली. बाईनं पाय टेकला म्हणून ती सावरली. तो पाठीवर आपटला.

कळ मस्तकात गेली, पण उठायचं त्याला सुचलं नाही. तुटलेला जोड त्याच्या तोंडासमोरच होता. वर त्यानं रंगवलेला काळा पापुद्रा आणि आत, जुन्या भेगेत, तांबडा गंज. भेग आजची नव्हती. सायकल खोक्यातून आली तेव्हाही ती फुटकीच होती.

तो बसल्या जागेवरून दुकानाच्या पायरीकडे बघत राहिला. पायरीवर ठमी उभी होती. इथे सपाट रस्ता होता, सायकल संथ होती आणि मागे तो होता. उतारावर, पायथ्याला ट्रक जात असताना, मागे ती असती. तिच्या आईनं तिला बसवण्यासाठी रोज जिवाचा आटापिटा केला होता आणि रोज कोणीतरी जागा अडवून, हट्टानं, सरकायला नाही म्हटलं होतं.

“मी रंग लावला होता,” तो म्हणाला. “रेघ दिसली होती मला. मी वर रंग लावला.”

बाईनं तुटलेल्या जोडाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “उठा. दुसरी दाखवा. त्यातली नको.”

त्यानं जुन्या, खात्रीच्या व्यापाऱ्याकडची निळी सायकल काढली. लंगडत आला, तोंडात लवंग नव्हती तरी ‘हूं’ केलं आणि मागे बसला. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. तो उतरला आणि त्यानं सीटवर थाप मारली. “जा, सुखानं चालव,” तो म्हणाला. ठमी टुणकन मागे चढली. “आता आहे जागा,” ती म्हणाली, आणि मायलेकी निघून गेल्या.

तो तुटकी सायकल ओढत आत घेऊन आला. मागचं टायर आता गोल होतं, वर आलेलं, रिकामं. त्यावर कोणीच नव्हतं. भिंतीवरच्या पाटीकडे त्यानं पाहिलं. तिची पाठच दिसत होती, ती तशीच राहू दिली. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण नजर वर गेली आणि आकड्याला टांगलेली दुसरी काळी सायकल त्याला दिसली. त्याच मालातली. तीन आल्या होत्या. एक ही तुटलेली, एक ती टांगलेली.

तिसरी त्यानं मागच्या गल्लीतल्या न्हाव्याला विकली होती.

बाप एकच होता. तो एका वेळी एकाच सायकलीवर बसू शकत होता.

दुकान उघडं टाकून तो पळाला. कंबर ठणकत होती, एक चप्पल वाटेतच राहिली. न्हावी कोणाची तरी दाढी करत होता. यानं दारातूनच विचारलं, “सायकल कशी आहे? जड चालते का?”

‘हो’ म्हणावं म्हणून एखादा दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे इतक्या आशेनं कधी बघत उभा राहिला नसेल.

“छे हो!” न्हावी वस्तरा पुसत खुशीत म्हणाला. “पिसासारखी चालते. उगाच नावं नाही ठेवणार. आत्ताच बायको घेऊन गेली, उताराखाली तिच्या बहिणीकडे. मागे नातवाला बसवून.”

पुढचं त्याला नीट ऐकू आलं नाही. तो उताराच्या दिशेनं धावत सुटला. खालून ट्रकचा भोंगा वाजला, लांबलचक. लहानपणी गल्लीतल्या पोरांसमोर ज्या हाकेला तो लाजायचा, ती हाक त्याच्या तोंडून रस्त्यात, दिवसाढवळ्या, मोठ्यानं निघाली. “बाबा! अहो बाबा!”

उताराच्या तोंडाशी न्हाव्याची बायको उभी होती. घामाघूम, सायकल दोन्ही हातांनी धरलेली. नातू खाली उतरून तिच्या पदराशी उभा होता.

“तुम्हीच भेटलात ते बरं झालं!” ती त्याच्यावर कडाडली. “काय विकलंत हो हे? घरून निघाले तेव्हा वाऱ्यासारखी पळत होती. इथे उतारावर सोडणार, तोच अशी जड झाली की जागची हलेना. आणि हा बघा, खाली उडी मारून म्हणतोय मला जागा नाही!”

त्यानं मागच्या टायरकडे पाहिलं. ते जमिनीशी पार चपटं झालं होतं.

तो जवळ गेला. या वेळी कॅरिअरवर हात ठेवल्यावर त्यानं तो काढून घेतला नाही.

“उतरा बाबा,” तो म्हणाला. “आता मी बसतो.”